आकाश शिकायला सुरुवात कुठून करावी? दोन खात्यांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: खगोलशास्त्राची आवड नव्यानं लागली आहे, पुस्तकं चाळली, व्हिडिओ पाहिले, पण प्रत, प्रकाशवर्ष, विषुवांश, क्रांतिवृत्त या शब्दांच्या गर्दीत काहीच धड लक्षात राहत नाही. मूळ संकल्पना कशा समजून घ्याव्यात आणि दुर्बीण कधी घ्यावी?

दुर्बिणीचं शेवटी बघू. आधी गोंधळ कुठे होतो ते सांगतो, कारण वीस-पंचवीस वर्षं नवख्या मंडळींना आकाश दाखवताना मी तो एकाच जागी होताना पाहिला आहे. आकाशाबद्दलचे शब्द दोन वेगवेगळ्या खात्यांतले असतात आणि पुस्तकं ते एकाच पानावर ओततात. एक खातं दिसण्याचं. डोक्यावर मोठा घुमट पालथा घातलाय आणि त्याला आतून चमकते ठिपके चिकटवलेत, असं आपल्याला दिसतं. त्या घुमटालाच खगोल म्हणतात. तारकासमूह, विषुवांश, क्रांती, दृश्य प्रत हे सगळे घुमटावरचे शब्द. दुसरं खातं असण्याचं: अंतर, आकार, तापमान, खरी तेजस्विता. प्रकाशवर्ष आणि निरपेक्ष प्रत हे या खात्यातले. घुमट खरा नाही, पण आकाशात वाट शोधायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. नवा शब्द भेटला की तो कोणत्या खात्यातला, एवढं आधी ठरवा. निम्मा गुंता तिथेच सुटतो.

घुमटापासून सुरुवात करू. त्यासाठी एक प्रयोग करा. एका ठरलेल्या जागी खुर्ची ठेवा, पाठ टेकून बसा आणि समोरच्या इमारतीच्या कडेआड एखादा ठळक तारा कधी जातो ती वेळ मिनिटापर्यंत टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत तसंच बसून तोच तारा पाहा. तो सुमारे ४ मिनिटं आधी कडेआड जाईल. ढगांमुळे आठवडाभर पाहता आलं नाही तरी हरकत नाही, आठव्या दिवशी तो जवळजवळ अर्धा तास आधी गेलेला असेल.

ही ४ मिनिटं कुठून आली? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २४ तासांत पूर्ण करते असं आपण शाळेत शिकतो, पण ताऱ्यांच्या संदर्भात ती फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांची असते. दरम्यान पृथ्वी सूर्याभोवतीच्या वाटेवर जवळपास १ अंश पुढे सरकलेली असते. त्यामुळे सूर्य पुन्हा कालच्याच जागी दिसायला तिला आणखी अंशभर वळावं लागतं आणि त्या वळणाला ४ मिनिटं लागतात. आपलं घड्याळ सूर्यावर लावलेलं आहे, तारे मात्र स्वतःच्या घड्याळानं चालतात. रोजची ४ मिनिटं म्हणजे महिन्याला २ तास आणि वर्षाला पुरे २४ तास. हिवाळ्यात संध्याकाळी दिसणारा मृग उन्हाळ्याअखेर संध्याकाळच्या आकाशातून गायब का होतो, याचं उत्तर या हिशेबात आहे. मृग कुठेही गेलेला नसतो, तो दिवसा उगवून दिवसाच मावळत असतो.

घुमटावर अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही, कोनातच मोजावं लागतं, आणि त्याची पट्टी तुमच्याकडे जन्मापासून आहे. हात पूर्ण लांब करून करंगळी धरली की तिची रुंदी सुमारे १ अंश. मूठ धरली की १० अंश. मुलांचे हात लहान असले तरी चालतात, कारण हात लहान तशी मूठही लहान. या पट्टीनं चंद्र मोजून पाहा. तो अर्धाच अंश भरतो, म्हणजे करंगळीच्या आड सहज लपतो. उगवतीचा मोठा थोरला चंद्रही तेवढाच भरतो. तो मोठेपणा आपल्या डोक्यात असतो, आकाशात नाही.

उत्तर गोलार्धात असाल तर याच मुठींनी ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजा. जितके अंश उंची, जवळपास तितकाच तुमचा अक्षांश. नकाशा नाही, उपग्रह नाही, नुसता लांब केलेला हात. ध्रुवतारा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा असतो ही समजूत मात्र सोडून द्या. तो दुसऱ्या प्रतीचा (प्रत म्हणजे ठळकपणाचा क्रमांक, त्याबद्दल पुढे), चारचौघांसारखा तारा आहे. त्याचं महत्त्व जागेमुळे, कारण पृथ्वीचा आस जिकडे रोखलेला आहे तिथून तो अंशभराच्या आत आहे. ही जागाही कायमची नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो आणि सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. या डुलण्याला परांचन गती म्हणतात. आणखी सुमारे १२,००० वर्षांनी तो आस अभिजित ताऱ्याच्या बाजूला रोखलेला असेल.

विषुवांश आणि क्रांती या जोडीला लोक उगाच घाबरतात. पृथ्वीचं विषुववृत्त ताणून घुमटापर्यंत नेलं की खगोलीय विषुववृत्त झालं. त्याच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश, ती क्रांती. हा आकाशातला अक्षांश. पूर्व-पश्चिम जागा सांगतो तो विषुवांश, हा आकाशातला रेखांश. फक्त तो बहुधा तासांत मांडतात, कारण पूर्ण घुमट आपल्याभोवती एका दिवसात फिरतो. सुरुवातीच्या वर्षभरात याहून जास्त काही लागत नाही.

आता घुमटावरचा सर्वांत कामाचा रस्ता. तारे एकमेकांच्या संदर्भात जागचे हलत नाहीत (हलतात, पण एका आयुष्यात डोळ्यांना कळत नाही). सूर्य मात्र त्यांच्यातून वर्षभरात एक फेरी मारताना दिसतो. त्या वाटेला क्रांतिवृत्त किंवा आयनिक वृत्त म्हणतात. ती खगोलीय विषुववृत्ताशी सुमारे २३.४ अंशांचा कोन करते, कारण पृथ्वीचा आस तेवढा कललेला आहे. ऋतू या कलण्यामुळे होतात, अंतरामुळे नाही. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि तेव्हा उत्तर गोलार्धात थंडी असते. जुलैत ती १५.२ कोटी किलोमीटरवर असते.

चंद्र आणि ग्रह याच रस्त्याच्या आसपास फिरतात, कारण सूर्यमालेतल्या सगळ्या मोठ्या कक्षा जवळजवळ एका पातळीत आहेत. त्यामुळे अनोळखी तेजस्वी ठिपका दिसला आणि तो या पट्ट्याच्या बाहेर बराच दूर असेल, तर तो ग्रह नाही असं बेधडक सांगावं. पट्ट्यात असेल आणि स्थिर प्रकाशत असेल तर बहुधा ग्रह. तारे इतके दूर आहेत की त्यांचा प्रकाश एका बिंदूतून येतो आणि हवेच्या हालचालीनं तो बिंदू लुकलुकतो. ग्रहाची तबकडी डोळ्याला जाणवत नसली तरी असते, आणि तिच्या वेगवेगळ्या भागांचं लुकलुकणं एकमेकांत मिसळून शांत होतं. क्षितिजालगत मात्र ग्रहही लुकलुकतो, तिथे या खुणेवर विसंबू नका.

ग्रह वक्री होतो म्हणजे काय, हे मला हमखास विचारलं जातं. तो उलटा फिरत नाही. आपली गाडी शेजारच्या हळू गाडीला मागे टाकत असते तेव्हा दूरच्या डोंगरांच्या पार्श्वभूमीवर ती गाडी मागे सरकताना दिसते, तसंच. पृथ्वी मंगळाला साधारण २६ महिन्यांनी गाठून पुढे जाते आणि त्या काळात मंगळ ताऱ्यांमधून काही आठवडे मागे जाताना दिसतो. हे दिसण्याच्या खात्यातलं आहे. असण्याच्या खात्यात मंगळ आपल्या वाटेनं मुकाट्यानं पुढे चाललेला असतो. त्यावरून कुणाच्या आयुष्यात काय अडतं हा विषय माझा नाही.

चंद्राकडे थोडा जास्त वेळ देऊ, कारण तो रोज फुकटात शिकवतो आणि त्याच्याबद्दलचे गैरसमजही सर्वांत चिवट आहेत. चंद्रकला का होतात असं विचारलं की शिकलेसवरलेले लोकसुद्धा पृथ्वीच्या सावलीकडे बोट दाखवतात. सावली पडते ती फक्त चंद्रग्रहणात. शुक्ल अष्टमीच्या सुमारास दुपारी उशिरा बाहेर पडा. सूर्य पश्चिमेला आणि अर्धा चंद्र आकाशात बराच वर, दोघेही एकाच वेळी समोर असतात. तिथे पृथ्वीची सावली येणार तरी कुठून? आता उन्हातच उभं राहून एक पांढरा चेंडू हात लांब करून चंद्राच्या शेजारी धरा. चेंडूवर अगदी चंद्रासारखीच कला उमटलेली दिसेल, तितकीच अर्धी, त्याच बाजूनं उजळलेली. मी कितीतरी आकृत्या काढल्या असतील, पण या चेंडूइतकं काम एकीनंही केलं नाही.

चंद्र ताऱ्यांमधून रोज सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणजे तासाला साधारण स्वतःच्या व्यासाइतका. एखाद्या ताऱ्याजवळ असेल तेव्हा दोन-तीन तासांतही हे डोळ्यांना दिसतं. त्याच ताऱ्यापाशी परत यायला त्याला २७.३ दिवस लागतात. नक्षत्रं २७ आहेत ती यामुळे, चंद्राचा एका दिवसाचा मुक्काम म्हणजे एक नक्षत्र. पण पौर्णिमा ते पौर्णिमा हे अंतर २९.५ दिवसांचं असतं. हा दोन दिवसांचा फरक वर आलेल्या ४ मिनिटांचा मोठा भाऊ आहे: चंद्र फेरी पूर्ण करेपर्यंत पृथ्वी पुढे सरकते आणि सूर्याची दिशाही सुमारे २७ अंशांनी बदललेली असते, तेवढं त्याला जास्त चालावं लागतं. दर महिन्याला ग्रहणं का होत नाहीत तेही इथेच सांगून टाकतो. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी सुमारे ५ अंश कललेली आहे, त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो.

इथपर्यंत सगळं घुमटावरचं झालं. दोन्ही खात्यांना जोडणारा पूल म्हणजे प्रत, आणि सर्वांत जास्त घसरगुंडी याच पुलावर होते. ताऱ्यांची तेजस्वितेनुसार वर्गवारी करण्याचं श्रेय इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या हिप्पार्कसला देतात. सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. म्हणून आकडा जितका मोठा तितका तारा मंद. पहिला नंबर सर्वांत हुशार मुलाचा असतो, तसं लक्षात ठेवा. १८५६ मध्ये पोगसननं हे मोजमापात बसवलं: ५ प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात बरोबर १०० पटींचा फरक, एका प्रतीचा साधारण अडीच पट. मोजणी काटेकोर झाल्यावर काही ज्योती शून्याच्याही पलीकडे गेल्या. व्याध उणे १.४६, शुक्र सर्वांत तेजस्वी असताना उणे ४.९ च्या आसपास, पौर्णिमेचा चंद्र उणे १२.७, सूर्य उणे २६.७.

ही झाली दृश्य प्रत. ती ताऱ्याबद्दल खरं काय सांगते? एकटी असेल तर काहीच नाही. व्याध रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा आहे, कारण तो शेजारी आहे, फक्त ८.६ प्रकाशवर्षांवर. मृगाच्या पायाशी चमकणारा निळसर पांढरा राजन्य त्याच्याहून मंद दिसतो, पण तो सुमारे ८६० प्रकाशवर्षांवर आहे. अंतर १०० पट, आणि अंतर १०० पट झालं की प्रकाश १०,००० पट कमी होतो. उचलून व्याधाच्या जागी ठेवला तर राजन्य साधारण अर्ध्या चंद्राइतका प्रकाश देईल आणि रात्री आपल्या सावल्या पाडेल. सगळे तारे एकाच अंतरावर (३२.६ प्रकाशवर्षांवर) मांडले तर कोण किती तेजस्वी दिसेल, ती निरपेक्ष प्रत. त्या अंतरावर आपला सूर्य ४.८ प्रतीचा असेल, शहरातून शोधूनही सापडणार नाही असा.

गंमत म्हणजे सूर्यानंतरचा आपल्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा, ४.२४ प्रकाशवर्षांवर असूनही नुसत्या डोळ्यांनी दिसतच नाही. तो अकराव्या प्रतीचा आहे. जवळचा म्हणजे ठळक हे समीकरण तिथेच मोडतं. तारकासमूहांचंही तसंच. मृगाच्या चार पायांपैकी एक सुमारे २५० प्रकाशवर्षांवर आणि दुसरा ८६० वर. एवढा लंगडा प्राणी उभा कसा राहील? आपण एका विशिष्ट जागेवरून पाहतो म्हणून तो मृग आहे. आज मान्य असलेले ८८ तारकासमूह म्हणजे घुमटाची केलेली तालुकेवारी. त्यांच्या सीमा १९३० मध्ये पक्क्या झाल्या. क्रांतिवृत्तावर तसे १३ तालुके लागतात, कारण बारा राशींच्या मधे भुजंगधारीचा एक भाग येतो.

प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नाही. प्रकाश सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर जातो, वर्षाला सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. चंद्रापासून आपल्यापर्यंत त्याला सव्वा सेकंद लागतो, सूर्यापासून ८ मिनिटं २० सेकंद. आकडे वाचून अंतर कळत नाही, म्हणून मी सूर्य १० सेंटिमीटरच्या चेंडूएवढा करतो. मग पृथ्वी पाऊण-एक मिलिमीटरचा दाणा, चेंडूपासून पावणेअकरा मीटरवर. चंद्र त्या दाण्यापासून पावणेतीन सेंटिमीटरवर. गुरू एक सेंटिमीटरचा मणी, ५६ मीटरवर. इथपर्यंत मैदान पुरतं. प्रॉक्सिमा मात्र सुमारे २,९०० किलोमीटरवर ठेवावा लागतो.

कुणीही फीत घेऊन गेलं नाही, मग ही अंतरं मोजली कशी? अंगठा डोळ्यांसमोर धरून एकेक डोळा मिटा, अंगठा मागच्या भिंतीवर सरकतो. दोन डोळ्यांऐवजी पृथ्वीच्या कक्षेची दोन टोकं घ्यायची, एक जानेवारीत आणि एक जुलैत, मधे ३० कोटी किलोमीटर. जवळचा तारा मागच्या दूरच्या ताऱ्यांवर किंचित सरकतो. या पद्धतीला पराशय म्हणतात. सरकणं किती, तर प्रॉक्सिमासाठी सरासरी जागेपासून इकडेतिकडे पाऊण विकला, आणि एका अंशात ३,६०० विकला. एक सेंटिमीटरचं बटण पावणेतीन किलोमीटरवरून जेवढं दिसेल तेवढं. म्हणूनच दुर्बीण हाती आल्यानंतर सव्वादोनशे वर्षं गेली आणि १८३८ मध्ये बेसेलनं हंस तारकासमूहातल्या एका मंद ताऱ्याचा पराशय मोजून दाखवला.

त्यापलीकडच्या अंतरांसाठी स्पंदन पावणारे काही तारे कामी आले. त्यांचा उजळण्या-मंदावण्याचा काळ जितका मोठा तितकी त्यांची खरी तेजस्विता जास्त, हे हेन्रिएटा लेविटनं १९१२ मध्ये दाखवलं. खरी तेजस्विता कळली, दिसणारी मोजली, की मधलं अंतर आपोआप निघतं. तेच दोन खात्यांचं गणित. १९२३ मध्ये हबलला असा तारा देवयानी तारकासमूहातल्या धूसर ठिपक्यात सापडला आणि तो ठिपका आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचं वेगळं महानगर, आहे हे सिद्ध झालं. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि काळोख्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनी दिसते.

यावरून लोक एक उडी मारतात: म्हणजे आपण पाहतो ते बहुतेक तारे आज विझलेले असणार! ऐकायला छान वाटतं, पण बरोबर नाही. डोळ्यांना दिसणारे तारे जवळजवळ सगळे काही हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत, आणि ताऱ्याचं आयुष्य लाखो ते अब्जावधी वर्षांचं असतं. रात्री मोजाल ते जवळपास सगळे आत्ताही जागेवर आहेत.

असण्याच्या खात्यातली एक गोष्ट मात्र थेट डोळ्यांना दिसते: रंग. काक्षी आणि ज्येष्ठा हे तारे तांबूस आहेत, कारण त्यांचे पृष्ठभाग साडेतीन हजार अंशांच्या आसपासचे, म्हणजे ताऱ्यांच्या मानानं थंड. सूर्य साडेपाच हजार, राजन्य सुमारे बारा हजार. तापलेलं लोखंड आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं होतं, तोच नियम. काक्षी आणि राजन्य एकाच मृगात समोरासमोर आहेत. एकाकडून दुसऱ्याकडे नजर फिरवा, फरक लगेच कळेल.

आता दुर्बीण. माझी पहिली दुर्बीण खोक्यावर छापलेल्या "४५० पट" या शब्दांवर भाळून घेतलेली होती. भिंग ६० मिलिमीटरचं, तिवई बोट लावलं तरी दोन सेकंद थरथरणारी. चंद्रसुद्धा सापडायला अर्धा तास लागला, आणि सापडला तेव्हा दुधाच्या सायीसारखा दिसला. उपयुक्त मोठेपणाची मर्यादा साधारण भिंगाच्या मिलिमीटरच्या दुप्पट असते, म्हणजे त्या दुर्बिणीला १२० पट पुष्कळ झाले. पटींकडे पाहूच नका. दुर्बिणीचं पहिलं काम प्रकाश गोळा करणं आहे, म्हणून भिंगाचा किंवा आरशाचा व्यास विचारा आणि तिवई हलवून पाहा.

आधी निदान सहा महिने नुसत्या डोळ्यांनी आकाश पाहा. काळोखात डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि फोनच्या पडद्याकडे एकदा पाहिलं की ती मेहनत वाया जाते. नकाशा वाचायला मंद लाल उजेड वापरा. मग ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी पाहायची दुर्बीण) घ्या. पहिला आकडा पटींचा, दुसरा भिंगाच्या मिलिमीटरचा. ५० मिलिमीटरचं भिंग डोळ्याच्या बाहुलीपेक्षा सुमारे ५० पट प्रकाश गोळा करतं. कृत्तिकांचा पुंजका, मृगातला तेजोमेघ (वायू आणि धुळीचा चमकता ढग), चंद्राची विवरं, देवयानी, सगळं तिच्यात येतं. कोणत्याही भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका, एका क्षणात डोळा जातो.

द्विनेत्री हातात आली की पहिला गृहपाठ गुरूचा. ती कशावर तरी टेकवून स्थिर करा. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत तीन-चार बारीक ठिपके दिसतील, ते गुरूचे चंद्र. ७ जानेवारी १६१० ला गॅलिलिओला त्यातले तीन दिसले तेव्हा त्याला ते साधे तारेच वाटले होते. चौथा त्याला १३ तारखेला दिसला. वहीत रोज एक गोल आणि त्याभोवती ठिपके काढा, दहा रात्री तरी. सर्वांत आतला आयो पावणेदोन दिवसांत गुरूभोवती फेरी मारतो, त्यामुळे काल एका बाजूला असलेला आज दुसरीकडे गेलेला असतो. बाहेरच्या कॅलिस्टोला जवळपास १७ दिवस लागतात. कोणता ठिपका कोण हे कुठेही न पाहता स्वतः ओळखायचा प्रयत्न करा, आणि चित्राशेजारी तारीख व वेळ लिहायला विसरू नका.